काम केलं तर अपंगत्वाचं कार्ड जातं का?

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची आहे. सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आई-वडिलांजवळ राहते. चार वर्षांपूर्वी गच्चीवर वाळवण घालताना तोल जाऊन खाली पडले, मणक्याला मार बसला, कमरेखालचं काही हलत नाही. सर्टिफिकेट ८० टक्क्यांचं आहे, कायमचं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला २५०० येतात. आता पुण्याच्या एका कंपनीत घरून काम मिळतंय, कस्टमरच्या चॅटला उत्तरं द्यायची, पगार १४ हजार. दाजी म्हणतात कामाला लागलीस की कार्ड रद्द होईल आणि मग आयुष्यात परत मिळणार नाही. गावातला एक एजंट म्हणतो पगार आईच्या खात्यावर घे, कुणाला कळतंय. आणि सहा महिन्यांत नोकरी गेली तर? मग मी दोन्हीकडून जाईन. रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर:

तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. आधी सरळ उत्तर देते, म्हणजे आज रात्री तरी झोपशील. नोकरी खरी असेल तर घे. कार्ड जाणार नाही. संजय गांधीचे पैसे मात्र बंद होतील आणि ते तू स्वतः कळवून बंद करायचेत. आईच्या खात्याचा विषय डोक्यातून काढून टाक. आणि रुजू व्हायच्या आधी खुर्चीत बसायची एक उशी घ्यायची आहे, त्याचं पुढे सांगते, ती या सगळ्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता गोंधळ कुठे होतोय ते बघ. कार्ड आणि अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गावाकडे दोन्हीला मिळून 'अपंगाचं' एवढा एकच शब्द आहे, म्हणजे 'अपंगाचं बंद झालं' म्हटलं की नक्की काय बंद झालं ते कुणी विचारत नाही. कुणाचं तरी अनुदान उत्पन्न वाढलं म्हणून थांबलेलं असतं आणि पारावर चर्चा होते की त्याचं कार्ड रद्द केलं. दाजींनी असंच काहीतरी ऐकलं असणार. त्यांना तुझी काळजी आहे हे मला दिसतंय, पण माहिती चुकीची आहे.

कार्ड कशावर मिळालं ते आठव. जिल्ह्याच्या दवाखान्यात बोर्डापुढे नेलं होतं ना तुला, डॉक्टरांनी पाय उचलून बघितले, ताकद किती उरलीय ते बघितलं, पिन टोचून कुठपर्यंत कळतं ते विचारलं, लघवी-संडासवर ताबा आहे का ते विचारलं, एमआरआयचा रिपोर्ट पाहिला आणि केंद्र सरकारची मोजमापाची जी पद्धत ठरलेली आहे तिच्यातून ८० हा आकडा काढला. त्यात तू कमावतेस का, शिकलीस किती, घरात बसून काय करतेस यातलं काहीही मोजलेलं नाही. म्हणजे उद्या तू चॅटवर हजार लोकांना उत्तरं दिलीस तरी पायातली ताकद तेवढीच राहणार आणि टक्केही तेवढेच राहणार. सर्टिफिकेटवर 'कायमस्वरूपी' लिहिलंय म्हणतेस, मग फेरतपासणीची मुदतही त्यावर नाही. ज्यांच्या सर्टिफिकेटवर 'तात्पुरतं' लिहिलेलं असतं त्यांना मुदत संपली की परत बोर्डापुढे जावं लागतं, पण तिथेही तब्येतच बघतात, पगाराची स्लिप कुणी मागत नाही.

आणि जरा उलट्या बाजूने विचार कर. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीत आणि ४० टक्के किंवा जास्त असलेल्यांना सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव ठेवल्यात. नोकरी केली की कार्ड रद्द होत असतं तर या राखीव जागांवर लागलेला प्रत्येक माणूस पहिल्या पगारालाच अपंग राहिला नसता. असं होतं का? तुमच्याच तालुक्यात एखादे शिक्षक, एखादा क्लार्क, पोस्टातला एखादा माणूस असेल जो कार्डावर नोकरीला लागलाय आणि आजही कार्ड दाखवून एसटीत बसतो. दाजींना त्याच्याकडेच घेऊन जायला सांग, माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

शरीराचे टक्के आणि कमावण्याची ताकद वेगळी असते हे सुप्रीम कोर्टानेसुद्धा सांगून ठेवलंय. २०११ मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार म्हणून अपघाताच्या भरपाईची केस होती. त्यात कोर्टाने उदाहरण दिलंय की एखाद्याचा डावा हात गेला आणि डॉक्टरांनी ६० टक्के लिहून दिले, तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, पण तोच सरकारी ऑफिसात क्लार्क असेल तर कदाचित त्याची नोकरी चालूच राहील. हात तोच, टक्के तेच आणि पोटापाण्याचा हिशोब पूर्ण वेगळा. ती केस भरपाईची होती, तुझ्या कार्डाची नाही, पण विचार तोच आहे.

दाजींनी यूट्यूबवर काही पाहिलं असेल तर तेही सांगून ठेवते, कारण हा गैरसमज तिकडूनही येतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडून अपंगत्वाचे जे पैसे मिळतात त्याची व्याख्याच मुळात 'काम करून ठराविक रकमेच्या वर कमावता येत नाही' अशी आहे, त्यामुळे तिथे माणूस घरून जरी काम करून त्या रकमेच्या वर गेला तरी त्याच्या पात्रतेवरच प्रश्न येतो. तिकडे नातेवाईक असलेले लोक तेच इकडे लावून बोलतात. आपल्याकडे तशी व्याख्या नाही.

आता अनुदान. ते कमाईशी बांधलेलं आहे, आणि इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी अट आहे ४० टक्के अपंगत्व, वय ६५ च्या आत, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत. बाकीच्या निराधारांना हीच मर्यादा २१ हजार आहे. पैसे आधी १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० केले. तुझा पगार वर्षाला १ लाख ६८ हजार होतो, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. त्यात बसवायचा कुठलाही मार्ग नाही आणि कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. आता ही ५० हजारांची मर्यादा फार कमी आहे, महिन्याला सव्वाचार हजारसुद्धा होत नाहीत, आणि तेही एकट्याचे नाहीत, घराचे. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, डायपर, औषधं धरली तर अपंग माणसाचा निव्वळ जगण्याचा खर्च धडधाकट माणसापेक्षा जास्त असतो आणि तो कुणी मोजतच नाही, हे मी गेली कित्येक वर्षं जिथे जाईन तिथे बोलत आलेय आणि पुढेही बोलणार. पण आज नियम हा आहे आणि तुला निर्णय आज घ्यायचाय.

मग हिशोब करू. अनुदानाचे वर्षाला ३० हजार. पगारातून काय कापलं जाईल ते बघ, सगळे १४ हजार पीएफला धरले तर १२ टक्के म्हणजे १६८०, आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे १०५. प्रोफेशनल टॅक्स तुला लागत नाही, महाराष्ट्रात बायकांना २५ हजार पगारापर्यंत माफ आहे आणि ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांनाही माफ आहे. इन्कम टॅक्सचा प्रश्नच नाही. हातात साधारण १२ हजार २०० येतील. पण कंपनीला एक विचार, १४ हजार म्हणजे नक्की काय, कापायच्या आधीचा पगार की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, कारण सीटीसी असेल तर मालकाचा पीएफचा वाटाही त्यातच धरलेला असतो आणि हातात अजून कमी येतं.

तू लिहिलंस सहा महिन्यांत नोकरी गेली तर दोन्हीकडून जाईन. सहा महिन्यांचे हातातले पैसे झाले साधारण ७३ हजार. अनुदानाच्या भाषेत ते २९ महिन्यांचे झाले. म्हणजे सहा महिने काम करून नोकरी गेली तरी तू जवळपास अडीच वर्षांचं अनुदान आधीच कमावलेलं असेल, शिवाय पीएफ वेगळा. हे मी तुला नुसता धीर द्यायला सांगत नाही, वहीत मांडून बघ.

पण एक अडचण आहे, ती लपवत नाही. नोकरी गेल्यावर परत अर्ज करता येतो, तुझं अपंगत्व तसंच आहे त्यामुळे तो दरवाजा बंद होत नाही, पण परत उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो आर्थिक वर्षाचा निघतो. सहा महिन्यांत ८४ हजार पगार झाला असेल तर त्या वर्षाचा आकडा ५० हजारांच्या वरच दिसणार, म्हणजे पुढच्या वर्षाचा दाखला निघेपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि त्यानंतरही तलाठ्याचा अहवाल, तालुक्याच्या समितीची बैठक, मंजुरी, बँकेत पैसे पडणं यात महिने जातात. म्हणून पहिल्या पगारापासून वेगळं खातं काढ आणि महिन्याला ३-४ हजार त्यात टाकत जा, वर्षभरात ४० हजारांच्या आसपास जमतात, म्हणजे वर्षाच्या अनुदानापेक्षा जास्तच. भावाच्या लग्नाला नाही, बोअर मारायला नाही, ते फक्त तुझ्या मधल्या काळासाठी. घरात हे आधीच सांगून ठेव, नंतर सांगितलं की वाईट दिसतं.

आता तो एजंट. त्याचं नाव-गाव लिहू नकोस कुठे पण त्याच्यापासून लांब राहा. आईच्या खात्यावर पगार घ्यायचा तर कागदोपत्री नोकरी कुणाची? तुझी नसेल तर पीएफ नाही, ईएसआय नाही, अनुभवाचं पत्र नाही, कंपनीने दोन महिने पगार दिला नाही तर तक्रार कुणी करायची? आणि दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवणूक करून घेतला तर २०१६ च्याच कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. एजंट तेव्हा तुझ्या शेजारी उभा नसतो. आधार, पॅन, पीएफचा खातेनंबर (यूएएन), बँक सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, वर्षातून एकदा लाभार्थ्यांची तपासणी होते, हयातीचा दाखला द्यावा लागतो, मग एक दिवस वसुलीची नोटीस दारात येते आणि ज्या तहसीलमध्ये तुला उद्या परत अर्ज घेऊन जायचंय तिथे तुझं नाव खराब झालेलं असतं.

त्यापेक्षा हे कर. ऑफर लेटर हातात आलं, रुजू झालीस आणि पहिला पगार खात्यात पडला की तहसीलच्या संगायो म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेत एका पानाचा अर्ज दे, 'मला अमुक तारखेपासून खाजगी नोकरी लागली असल्याने माझं अनुदान थांबवावं, भविष्यात नोकरी न राहिल्यास पुन्हा अर्ज करण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.' एवढं पुरे. सोबत कार्डाची आणि लेटरची झेरॉक्स. दोन प्रती कर, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घे, ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सर्टिफिकेटसोबत ठेव. वडिलांना पाठव, तुला जायची गरज नाही. नुसतं तोंडी सांगून यायचं नाही, तिथला माणूस बदलला की तोंडी सांगितलेलं संपलं. मधल्या काळात एखादा हप्ता जास्तीचा पडला तर तो खर्च करू नकोस, खात्यात तसाच ठेव.

कार्डावरच्या बाकीच्या गोष्टी चालूच राहतात. एसटीची ७५ टक्के सवलत, रेल्वेची सवलत, सरकारी भरतीतलं आरक्षण, वयाची सूट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यासाठी ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज टाक, व्हीलचेअरची उशी किंवा रॅम्प माग, दरवर्षी माग. केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअरसारखी साधनं मिळतात, तिथेही उत्पन्नाची अट आहे पण १४ हजारांत तू बसतेस.

आणि मिळणार काय आहे ते कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही. ईएसआय! दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला तो लागू होतो, पगाराची मर्यादा २१ हजार आहे आणि दिव्यांग कर्मचाऱ्याला २५ हजार, म्हणजे पगार वाढला तरी तू बरीच वर्षं त्यात राहशील. तुझ्यासारख्या मणक्याच्या पेशंटला लघवीचं इन्फेक्शन, जखमा, तपासण्या हे आयुष्यभराचं आहे, आणि खाजगी मेडिक्लेमवाले आधीपासूनचा आजार म्हणून दारातच उभे करत नाहीत किंवा वर्षानुवर्षं थांबायला लावतात. ईएसआयमध्ये आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, आणि तुझ्यावर अवलंबून असतील तर आई-वडिलांचाही उपचार त्यात होतो. नोंदणी करताना दवाखाना घराजवळचा निवडायचा, कंपनी पुण्यात आहे म्हणून पुण्याचा नाही. सोलापुरात ईएसआयचं हॉस्पिटल आहे. महिन्याला १०५ रुपयांत हे. मला विचारशील तर पगारापेक्षा मी याच्यासाठी ही नोकरी घेईन.

पण हे सगळं नोकरी खरी असेल तर. घरबसल्या काम म्हणून व्हीलचेअरवरच्या लोकांना जेवढं फसवलं जातं तेवढं क्वचितच कुणाला फसवत असतील, कारण बाहेर जाता येत नाही आणि गरज मोठी असते हे त्यांना पक्कं माहीत असतं. रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले की तिथेच थांब, १०० रुपये मागितले तरी. डेटा एन्ट्रीवाल्यांची तर ठरलेली पद्धत आहे, आधी अॅग्रीमेंटवर सही घेतात, हजारो फॉर्म भरायला देतात, मग म्हणतात अॅक्युरसी कमी आली, करार मोडला, वकिलाची नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. अशा नोटिशीला घाबरून मंगळसूत्र विकलेली बाई मी बघितलीय. टेलिग्रामवर टास्क देणारे वेगळे, आणि 'तुमचं खातं वापरायला द्या, कमिशन देतो' म्हणणारे तर सर्वांत वाईट, त्यात तूच आरोपी होतेस. कुणी फसवलंच तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडवता येतात. तुझ्या कंपनीचं ऑफर लेटर कंपनीच्या ईमेलवरून आलंय का बघ, नेटवरून त्यांच्या ऑफिसचा लँडलाईन शोधून एचआरशी स्वतः बोल, पीएफ आणि ईएसआय पहिल्या महिन्यापासून आहे का ते लेखी विचार. खरी कंपनी अशा प्रश्नांना चिडत नाही.

आता उशी. माझा थोरला भाऊ मोटरसायकलवरून पडला आणि तुझ्यासारखाच कमरेखाली गेला. दोन वर्षांनी त्याने घरून टॅली करायला घेतलं, बाजारपेठेतल्या दुकानदारांचे हिशोब, इतका खूश होता की आम्हीही खूश. जीएसटी नवीन आला तेव्हा रिटर्नच्या तारखांना दहा-दहा, अकरा-अकरा तास लाकडी खुर्चीत बसायचा, खाली घडी केलेली चादर. त्याला दुखलं नाही कारण दुखणं कळतच नव्हतं. आईने पायजमा धुताना डाग बघितला. माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी लाल जागा होती आणि मधे काळी, आम्हाला वाटलं वरवर आहे, डॉक्टरांनी साफ केली तेव्हा आत बोट जाईल एवढा खड्डा होता. सात आठवडे पालथा झोपून काढले त्याने, उशीवर हनुवटी ठेवून जेवायचा. तीन दुकानं हातची गेली. त्यानंतर फोनला दर वीस मिनिटांचा अलार्म लावला, अलार्म झाला की दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, मनात साठपर्यंत मोजायचं, परत बसायचं, मग समोर कुणीही बसलेला असू दे. आजही तो अलार्म आमच्या घरात वाजतो आणि आता पाहुण्यांनाही त्याची सवय झालीय.

म्हणून सांगतेय, पहिल्या पगाराची वाट न बघता हवेची किंवा जेलची चांगली उशी घे, उसने पैसे काढून घे. रोज रात्री आईला टॉर्च लावून मागची जागा बघायला सांग, लाज वाटेल पण सांग, किंवा मोबाईलने फोटो काढून स्वतः बघ. लाल जागा दाबल्यावर पांढरी होत नसेल तर दुसऱ्या दिवशी बसायचंच नाही, सुट्टी घ्यायची. पाणी कमी पिऊन कॅथेटरच्या वेळा लांबवायच्या नाहीत, शिफ्टमध्ये बसणाऱ्या पोरी हे हमखास करतात आणि मग थंडी-तापाने अॅडमिट होतात.

आणि हे कंपनीला आधीच सांगायचं. तासाला पाच मिनिटं अंग उचलायला, चार तासांनी वीस मिनिटं कॅथेटरला, त्या वेळात चॅट दुसऱ्याकडे वळवायचा, कॅमेरा सतत चालू ठेवायची सक्ती नको, रात्रपाळी नको. सुरुवातीला सहा तासांची शिफ्ट देतात का तेही विचार. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. कायद्याने प्रत्येक आस्थापनेला, अगदी खाजगी कंपनीलासुद्धा, समान संधी धोरण करावं लागतं, आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यात दिव्यांग कर्मचाऱ्याला काय सोयी देणार, कुठली साधनं देणार आणि हे बघायला नेमलेला अधिकारी कोण हेही लिहायचं असतं. तू एचआरला ईमेल कर, 'तुमचं समान संधी धोरण मला पाठवा', आणि खाली तुझ्या गरजा चार ओळींत लिही. ते काय उत्तर देतात त्यावरून माणसं कशी आहेत ते लगेच कळेल. लाईट आणि नेटचंही आत्ताच बोलून घे, तुमच्याकडे उन्हाळ्यात लाईट किती जाते ते तुला माहीत आहे, इन्व्हर्टर कोण देणार, लाईट नसल्याचा पगार कापणार का.

हे वाचणाऱ्या दुसऱ्यांसाठी थोडं, कारण अशी पत्रं बरीच येतात. अपंगत्व नोकरीत असताना आलं असेल तर तुमचा हिशोब वेगळा आहे. सरकारी नोकरीत असाल तर अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या जागेवर त्याच पगारात घ्यावं लागतं. खाजगीत असाल आणि पीएफ कापला जात असेल तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ईपीएस ९५ मधून, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतून, पेन्शन मिळू शकतं, त्याला दहा वर्षं नोकरी झालेली असावी लागत नाही, एक महिन्याचा भरणा पुरतो, आणि अपघात कामावरच झालेला असावा असंही नाही. कित्येक जण हे माहीत नसल्यामुळे फक्त पीएफ काढून घरी बसलेत. राजीनाम्यावर सही करायच्या आधी हे विचारा.

तर तुझ्याकडे येते परत. दाजींना हे पत्र वाचून दाखव, भांडू नकोस, चार वर्षं त्यांनीही तुला उचलून दवाखान्यात नेलं असेल. त्यांना एक काम दे, ती उशी सोलापूरहून आणायचं, आणि खुर्चीच्या सीटची रुंदी मोजून द्यायला विसरू नकोस, लहान-मोठी झाली तर उपयोग नाही. कंपनीचं उत्तर आलं की मला कळव, पीएफ-ईएसआयबद्दल त्यांनी काय लिहिलंय ते शब्दाला शब्द पाठव.